बेटावरचे चाचा

"आमच्या बेटावर असं नसतंय, साहेब."

हे वाक्य म्हणण्याआधी चाचा उजव्या हाताचं बोट तोंडात घालून ओलं करायचे, डोक्यावर उभं धरायचे आणि एक डोळा मिटून वारा कुठून येतोय ते बघायचे. समोर केवढाही साहेब असो, तेवढा वेळ त्याला थांबावं लागायचं. मग बोट लेंग्याला पुसून चाचा निकाल द्यायचे आणि वाद मिटायचा.

वाद गोल्फचे असत. हो, दौंडात गोल्फ. तुमच्यापैकी ज्यांनी दौंड फक्त गाडी बदलताना बघितलंय, त्यांना ही थाप वाटेल. पण मी तिथं रेल्वेच्या ऑफिसात कारकून होतो आणि साहेबांच्या हुकमानं गोल्फ क्लबाचा सेक्रेटरीही होतो. काठी आयुष्यात हातात धरली नाही, तरी त्या खेळाची सगळी भांडणं मी उभ्यानं ऐकलेली आहेत.

गोरे साहेब निघून गेले होते, पण जाताना आपल्या खोडी आमच्या साहेबांच्या हवाली करून गेले होते. आमचे साहेब मद्रासकडचे. माणूस सरळ, पण दोन वेडांनी झपाटलेला. एक गोल्फ आणि दुसरं मराठी व्याकरण. मराठी ते पुस्तकातून शिकले होते, खात्याची परीक्षा पास झाले होते, आणि तेव्हापासून जन्मानं मराठी असलेल्या आम्हा लोकांच्या चुका काढणं हे त्यांनी आपलं कर्तव्य मानलं होतं. "साहेब, गाडी आली" म्हटलं तरी ते आधी डोळे मिटून वाक्य तपासायचे आणि मग उठायचे.

त्यांच्या खुर्चीमागं कुठल्याशा बोट कंपनीचं जुनं कॅलेंडर होतं. वर्ष कधीच सरलेलं, पण चित्रासाठी ठेवलेलं. चित्रात एक बेट होतं. निळा समुद्र, वाकलेल्या नारळी, पांढरी वाळू, पाठीमागं हॉटेल आणि पुढं हिरव्यागार मैदानावर काठी उगारून उभी असलेली एक मडम. जेवणानंतर साहेब सुपारी चघळत त्या चित्राकडे बघत बसायचे. लोको शेडच्या मागं मुरमाड माळ होता, नुसता घाणेरीचा आणि शेळ्यांचा. साहेबांना त्या माळावर ते चित्र हवं होतं.

त्यासाठी माणूस हवा, असं सगळीकडं सांगून ठेवलं होतं. आले ते चाचा. डोक्याला गुंडाळलेलं उपरणं, मेंदीनं तांबूस झालेली दाढी आणि चेहऱ्यावर आपणच साहेबांना कामावर ठेवायला आल्यासारखा भाव.

"आपण पूर्वी कोठे काम करत होता?" साहेबांनी विचारलं.

"वाळूत, साहेब."

"कोठल्या वाळूत?"

"म्या बेटातला हाय."

साहेबांची सुपारी तोंडातल्या तोंडात थांबली. पण आनंदाच्या आधी व्याकरण. "बेटातला नव्हे," ते म्हणाले, "बेटावरचा. मनुष्य घरात राहतो, गावात राहतो, परंतु बेटावर राहतो."

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

"व्हय साहेब. बेटावरचा."

"भोवताली पाणी?"

"दोन्ही अंगानी."

"आणि वाळू?"

"झकास. पांढरी. पाय घातला की रुततोय."

साहेबांनी मान वळवून कॅलेंडरकडे पाहिलं, मग चाचांकडे पाहिलं आणि चाचा कामावर लागले.

शिरूरकडच्या वाचकांना आत्तापर्यंत हसू फुटलं असेल. बाकीच्यांसाठी सांगतो. शिरूरच्या वरच्या अंगाला घोड आणि कुकडी या दोन नद्या शेजारून वाहत येतात आणि मग एकमेकींना मिळतात. दोघींच्या मधल्या गावांना आमच्याकडं 'बेट' म्हणतात. तिथं बाजरी होते, एस.टी. जाते, लग्नात मानपानावरून रुसवे होतात. समुद्र तिथल्या कुणी बघितलेला नाही. तिथला माणूस 'बेटातला' असतो आणि मुलगी 'बेटात' दिलेली असते. माझी सख्खी मावशी बेटात दिलेली होती, म्हणून मला हे ठाऊक. चाचा तिच्याच गावचे. घोडेच्या पात्रात वाळूवर कलिंगडाची वाडी करायचे. एका पुरानं वाळू नेली आणि खाली नुसता खडक राहिला. शिरूरच्या बाजारात बसून दुसऱ्याची कलिंगडं विकणं त्यांच्या जिवावर आलं, म्हणून ते दौंडला आले होते.

बाहेर आल्यावर मी त्यांना बाजूला घेतलं. "चाचा, हे काय केलंत?"

"काय केलं? म्या खोटं बोललो का, भाऊसाहेब?"

"नाही."

"मग? साहेबानी आपल्या तोंडानं माझी बोली सुधारली. मोठ्या माणसानं सुधारलेलं पुन्हा आपण बिघडवायचं का?"

ही त्यांची टेक होती. खोटं बोलायचं नाही. समोरच्यानं काय समजायचं ती त्याची खुशी. तुम्ही नीट विचार करा, "आमच्या बेटावर असं नसतंय" हे वाक्य कधी खोटं ठरणार? बेटात गोल्फच नव्हता.

कामाला मात्र ते वाघ होते. साहेबांनी कागदावर मैदान काढून दिलं होतं. चाचांनी तो कागद उलटासुलटा करून बघितला, घडी घालून खिशात ठेवला आणि माळावर पायानं रेघा ओढत स्वतःचंच मैदान आखलं. हिरवळ दौंडात उगवणार नव्हती. म्हणून प्रत्येक भोकाभोवती भीमेची वाळू पसरून, तीत लोको शेडचं जळकं तेल कालवून, त्यांनी गोल, काळपट, गुळगुळीत अंगणं केली. वाऱ्यानं वाळू उडत नसे आणि बॉल सरळ घरंगळत जाई. गोल्फात भोकाभोवतीच्या हिरवळीला 'ग्रीन' म्हणतात, म्हणून साहेब याला 'ब्राऊन' म्हणत. चाचा 'परात' म्हणत. महिन्याभरात साहेबही परात म्हणू लागले.

त्या चित्रातल्या मैदानावर खेळणाऱ्याला अडवायला वाळूचे खड्डे होते. इथं सगळा मुरूमच, तर अडवायचं कशानं? चाचांनी बोट ओलं केलं आणि मध्ये मध्ये हराळीचे तुकडे लावून त्यांना पाणी पाजलं. सबंध माळावर तेवढंच हिरवं. बॉल त्यात गेला की हराळीत अडकायचा आणि शेळ्या आधीच तिथं पोचलेल्या असायच्या. शेळ्यांमधून बॉल काढणं हा दौंडच्या गोल्फचा सगळ्यात अवघड भाग होता. समुद्रही झाला. इंजिनांना पाणी भरताना जे सांडायचं, ते चर खणून एका खोलगट जागेत सोडलं. त्यात म्हशी बसू लागल्या. साहेब म्हणाले, "चित्रात म्हशी नाहीत." चाचा म्हणाले, "समुद्र लहान हाय साहेब, म्हणून दिसत्यात."

नारळाची रोपं मुंबईहून पार्सलनं आली आणि उन्हाळ्यात जळून गेली. साहेब खरोखर दुःखी झाले. तेव्हा चाचांनी ओढ्याच्या कडेच्या शिंदीच्या झाडांपर्यंत मैदान लांबवलं. लांबून डोळे बारीक करून पाहिलं तर नारळीच. साहेब डोळे बारीक करून बघायला शिकले.

आता शिंदी म्हटली की मडकं आलंच. आणि ते दारूबंदीचे दिवस. पलीकडच्या वस्तीवरचा कुणी तरी त्या झाडांना मडकी बांधून जायचा. मी विचारलं तर चाचा म्हणाले, "पाखरांस्नी पाणी असंल." मग हळूहळू असं दिसू लागलं की खेळणाऱ्यांना शेवटचं, शिंदीखालचं भोक फार आवडतं. आधीची भोकं ते धावतपळत उरकायचे आणि तिथं मात्र बराच वेळ नेम धरत बसायचे. मद्यपानाशी साहेबांचं सात जन्माचं वैर होतं. त्यांनी एकदा वर बघून विचारलंच.

"आमच्याकडं अशा झाडाला मडकं असतंच, साहेब," चाचा म्हणाले. तेही खरंच होतं. बेटातल्या ओढ्यालाही शिंदी आहेत.

"बेटावरील प्रथा," साहेब मला म्हणाले. मी मान डोलावली.

एकदा साहेबांचा सामना एका अँग्लो-इंडियन ड्रायव्हरशी लागला. ड्रायव्हर तरबेज होता. शेवटच्या आधीच्या भोकाशी साहेबांनी बॉल असा काही हाणला की तो यार्डात उभ्या मालगाडीच्या उघड्या वाघिणीत जाऊन पडला. कोणी काही बोलायच्या आत सिग्नल पडला आणि गाडी मनमाडच्या रस्त्याला लागली. ड्रायव्हर म्हणाला, साहेब हरले. साहेब म्हणाले, नियमाप्रमाणे बॉल जिथं पडेल तिथून खेळायचा. म्हणजे चालत्या वाघिणीतून? दोघंही तांबडेलाल झाले. शेवटी दोघांनी चाचांकडे पाहिलं.

चाचांनी बोट ओलं करून वर धरलं. "आमच्या बेटावर असं नसतंय. गेलेलं जनावर माघारी येईपातुर आमच्यात कुणी पुढचं काम करत न्हाई."

सामना थांबला. मनमाडला निरोप गेला. तिथल्या गार्डानं बॉल हुडकून, रुमालात बांधून परतीच्या गाडीनं पाठवला आणि सामना पुढं सुरू झाला. साहेब हरलेच. पण दौंडमध्ये आजही म्हातारे सांगतात, की सगळ्यात लांब बॉल मद्रासी साहेबांनी मारला, दौंड ते मनमाड आणि परत.

असं सगळं सुखात चाललेलं असताना मुंबईहून बडे साहेब तपासणीला येणार असल्याचं कळलं. यार्ड वाढवायचं होतं आणि त्यासाठी आमच्या माळावर कुणाचा तरी डोळा होता. बडे साहेब स्वतः गोल्फ खेळणारे. मैदान आवडलं तर ते राहणार, नाही तर त्यावरून रूळ जाणार, आणि चाचांची कच्ची नोकरी त्या रुळांखाली जाणार. एवढ्यावर भागलं असतं. पण आमच्या साहेबांनी अभिमानानं आधीच कळवून टाकलं होतं की आमचं मैदान एका खऱ्या बेटावरच्या जाणकारानं आखलेलं आहे. आणि बड्या साहेबांनी उमेदीची वर्षं सिलोनात काढली होती. तिथल्या हॉटेलांच्या मैदानांवर ते खेळले होते. त्यांना त्या जाणकाराला भेटायचं होतं.

मी घाबरून शाळेचा नकाशा घेऊन चाचांकडे गेलो. ते शिंदीखालच्या परातीवर पोतं ओढून वाळू सारखी करत होते.

"हे बघा, हे सिलोन. हे मॉरिशस. यातलं एक पाठ करा."

"म्या तिथं गेलो न्हाई, भाऊसाहेब."

"म्हणूनच पाठ करा!"

"न्हाई. खोटं न्हाई बोलायचं." पोतं टाकून ते खाली बसले. त्या दिवशी पहिल्यांदाच ते मला म्हातारे दिसले. "वाडी नदीनं न्हेली त्याचं काय वाटलं न्हाई. वाळू नदीचीच हुती. पर ही परात माझी हाय. तिच्यावरनं डबे गेल्यालं मला बघवायचं न्हाई बघा."

मला फार वाईट वाटलं. नकाशा गुंडाळून मी परत आलो.

बडे साहेब आले. आडवा बांधा, भरघोस मिशा आणि खेळायची घाई. चाचा उपरणं झटकून पुढं उभे राहिले.

"अच्छा, तो आप हैं!" बडे साहेब म्हणाले. "कौन-से टापू के?"

आता बेट या शब्दाच्या आड लपायची सोय राहिली नव्हती. आणि चाचांच्या घरची बोली दखनी, म्हणजे बडे साहेब काय विचारताहेत ते त्यांना स्वच्छ कळलेलं. त्यांनी बोट ओलं केलं, वर धरलं. नेहमीपेक्षा जास्त वेळ धरलं. आणि तेवढ्यात माझ्या ध्यानात आलं, की हिंदीत टापू म्हणजे बेट असेल, पण मराठीत टापू म्हणजे नुसता मुलूख. चाचांच्या ते माझ्या आधी ध्यानात आलं होतं.

"घोड-कुकडी का टापू, हुजूर," ते म्हणाले. "दोनो बाजू पानी."

"घोडाकुकडी," बडे साहेब पुटपुटले. बेट ओळखता आलं नाही हे कबूल करायला त्यांना जड जात होतं. "नाम तो सुना है." मग ते आमच्या साहेबांकडे वळले आणि इंग्रजीत विचारलं, हे नेमकं कुठं येतं?

आमच्या साहेबांनी क्षणभर डोळे मिटले. वाक्य तपासायचे तसे. "इथून वायव्येला, सर," ते म्हणाले. "लहान आहे. पुष्कळ नकाशांत दाखवत नाहीत."

मी दचकलो. शिरूर दौंडच्या वायव्येलाच येतं. पण साहेबांचा चेहरा नेहमीसारखाच कोरा होता आणि खेळ सुरू झाला.

खेळ काही बरा चालला नव्हता. बड्या साहेबांचा बॉल एकदा म्हशींच्या समुद्रात गेला, एकदा शेळीनं तोंडात धरला. मिशा खाली येऊ लागल्या. शेवटच्या भोकाशी पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. बड्या साहेबांनी घाम पुसायला मान वर केली आणि तिथंच थबकले. वर मडकी लटकत होती. त्या दिवशी तरी ती काढून ठेवायची हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. आमच्या साहेबांचा रंग उडाला. दारूबंदीच्या राज्यात, रेल्वेच्या जागेत, तपासणीच्या दिवशी!

चाचांचं बोट तोंडापर्यंत गेलं होतं, पण त्याआधीच बडे साहेब ओरडले, "अरे, वही! बिलकुल वही!" सिलोनात त्यांच्या आवडत्या मैदानाच्या कडेच्या नारळींना अशीच मडकी बांधलेली असत. इतक्या वर्षांत हिंदुस्थानातल्या कुठल्याही मैदानावर त्यांना ती दिसली नव्हती. "ज्यानं बेट पाहिलं नाही त्याला हे सुचणार नाही," ते आमच्या साहेबांना म्हणाले. त्यांचे डोळे खरोखर भरून आले होते. माणसाची तरुणपणाची वर्षं कुठं कुठं लटकत असतात, सांगता येत नाही.

मडकं खाली आलं.

"नीरा असेल," आमचे साहेब क्षीण आवाजात म्हणाले.

"सकाळच्याला नीराच असतीया, हुजूर," चाचा म्हणाले. हेही अक्षरशः खरं होतं; फक्त आता सकाळ नव्हती.

बड्या साहेबांनी एक पेला घेतला. मग दुसरा घेतला. मग त्या परातीवर असा अलगद बॉल घातला की तो सुतासारखा भोकात गेला. जाताना ते चाचांच्या खांद्यावर हात ठेवून, सिलोनी भाषेतलं असावं असं काही गाणं म्हणत स्टेशनपर्यंत चालत गेले. नवे रूळ यार्डाच्या दुसऱ्या अंगाला पडले. चाचा कायम झाले.

पुढं आमच्या साहेबांची बदली झाली. त्यांना पोचवायला आम्ही सगळे प्लॅटफॉर्मवर उभे होतो. हार घालून झाले, भाषणं झाली. साहेब खिडकीशी बसले होते आणि चाचा बाहेर गजांना धरून उभे होते. शिट्टी झाली. तेव्हा साहेब खाली वाकून म्हणाले, "काय चाचा, तुमच्या बेटात यंदा कलिंगडं कशी आहेत?"

बेटात! व्याकरणाचं पुस्तक पाठ असलेल्या माणसानं ते मुद्दाम, सावकाश, एकेक अक्षर जोखून म्हटलं होतं. त्यांना कधीपासून ठाऊक होतं, कुणास ठाऊक. मी चाचांकडे पाहिलं. बोट ओलं करायचं ते विसरले होते, तोंड उघडं राहिलं होतं. गाडी हलली. मग गाडीबरोबर चार पावलं चालत चाचा मोठ्यानं म्हणाले, "बेटावर म्हणा, साहेब! बेटावर!"

साहेब हसले. मी त्यांना मोठ्यानं हसताना तेवढंच पाहिलं.

नंतरच्या साहेबांना टेनिस आवडायचं. मैदानात पुन्हा घाणेरी आली. घोडेच्या पात्रात वाळू परत आल्याचं कळलं तशी चाचांनी नोकरी सोडली आणि ते बेटात गेले. काही वर्षं उन्हाळ्यात माझ्याकडं कलिंगड यायचं. मग एका उन्हाळ्यात आलं नाही.

मावशीकडं जायचं निमित्त काढून मी गेलो. चाची नदीवर वाडीतच भेटली. चाचा पावसाळ्यातच गेले होते, फार त्रास न होता गेले, असं तिनं सांगितलं. मग हसली आणि डोळे पुसत म्हणाली, "माघारी आल्यापास्नं नुस्ता उच्छाद मांडला हुता बघ. आळं करा, दौंडात असं नसतंय. खत टाका, दौंडात असं नसतंय. गाव हैराण झालं हुतं."

वाळूत लांबवर वेल पसरले होते. मधोमध मात्र एक जागा मोकळी होती. गोल, काळपट, गुळगुळीत. मध्ये डब्याएवढं भोक आणि त्यात खोचलेला शिंदीचा फोक, त्याला तांबडी चिंधी.

"ही परात त्यांची," चाची म्हणाली. "साहेब येणार हायती, म्हणायचे. कुणी वेल लावू द्यायचे न्हाईत. आता कोण यायचंय? चांगली जागा हाय. यंदा लावू का हितं?"

मला एकदम हुंदका आला. तो लपवायला मी बोट ओलं केलं आणि वर धरलं. वारा नदीकडून येत होता. "नको, चाची," मी म्हणालो. "बेटावर असं नसतं."

"बेटावर काय, बाबा?" चाची म्हणाली. "मावशी हितली न् असं बोलतोस? बेटात म्हण की."

आणि खाली वाकून, परातीवर सरकत आलेल्या एका वेलाचा शेंडा तिनं हलकेच उचलला आणि दुसरीकडे वळवून ठेवला.